न गंजणाऱ्या पोलादाचा गंज
(घडणीनंतरच्या पृष्ठप्रक्रियेविषयी उपयुक्त माहिती)

आपल्या संघाच्या सभासदांपैकी केवळ अडत आणि घाऊक विक्री एवढ्यावरच थांबलेले आता थोडेच उरले आहेत. कोणी डाळीची गिरणी चालवितो, कोणी पोह्यांची भट्टी घातली आहे, कोणी मसाले दळून पाकिटांत भरतो, कोणी काजूवर प्रक्रिया करतो, तर कोणाच्या घरची तरुण मंडळी लोणची-पापडांच्या धंद्यात शिरली आहेत. ह्या सर्वांस स्टेनलेस पोलादाच्या टाक्या, हॉपर, टेबले आणि नळ करवून घ्यावे लागतात. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला. त्याखालील २०११ च्या परवाना-नियमांत अन्नाशी संबंध येणारी उपकरणे न गंजणाऱ्या द्रव्याची असावीत असे सांगितले आहे, आणि सभासद त्याप्रमाणे पैसेही मोजतात. पत्रा कोणत्या प्रतीचा हे विचारतात, त्याची जाडी मोजतात, किलोचा भाव घासाघीस करून ठरवितात. परंतु टाकी जोडून झाल्यावर तिच्या अंगावर शेवटचा संस्कार कोणता झाला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. त्या शेवटच्या संस्काराविषयी प्रस्तुत लेखात चार गोष्टी सांगण्याचे योजिले आहे.

आम्ही धान्याचे व्यापारी. धातुशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तथापि गव्हाचा दाणा दाताखाली फोडून त्यातील ओलावा ओळखण्याची सवय ज्याला आहे, त्याने ज्या वस्तूसाठी लाखभर रुपये मोजावयाचे तिचीही थोडीफार पारख शिकून घ्यावी, असे आमचे मत आहे. त्या हेतूने जे वाचले, कारखान्यांत उभे राहून जे पाहिले आणि जाणकारांस विचारून जे खात्रीचे वाटले तेवढेच येथे देत आहोत.

प्रथम हे पोलाद आले कोठून ते पाहू. इंग्लंडातील शेफील्ड शहर सुऱ्या-कात्र्यांसाठी फार जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. तेथे हॅरी ब्रेअर्ली नावाचा एक संशोधक बंदुकीच्या नळ्या आतून लवकर झिजतात, त्यावर उपाय शोधीत होता. त्या खटपटीत १९१३ च्या ऑगस्ट महिन्यात त्याने शेकडा १२.८ क्रोमियम असलेले पोलाद ओतविले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यापूर्वी धातूचा तुकडा आम्लाने कोरावा लागतो. हे पोलाद आम्लालाही दाद देईना, ही गोष्ट त्याच्या ध्यानी आली. बंदुकीची नळी बाजूला राहिली आणि जेवणाच्या मेजावरील सुरी आधी तयार झाली. जर्मनीत एसेन येथील क्रुप कारखान्यात श्ट्राउस आणि माउरर ह्या दोघांनी क्रोमियमच्या जोडीला निकेल घालून केलेल्या पोलादाची पेटंटे १९१२ सालीच घेतली होती. आज आपण ज्याला ३०४ प्रतीचा पत्रा म्हणतो, ज्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, तो ह्या जर्मन शाखेचा वंशज होय. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीचा कळस १९३० साली अशाच पत्र्याने मढविला. तो अद्यापि चमकतो आहे.

आता मुख्य प्रश्न असा की हे पोलाद गंजत का नाही? त्यात लोखंडाचा भाग तर निम्म्याहून पुष्कळ अधिक असतो. ह्याचे उत्तर असे की पोलादात क्रोमियमचे प्रमाण सुमारे साडेदहा टक्क्यांच्या वर गेले म्हणजे ते क्रोमियम हवेतील प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर एक अत्यंत पातळ, घट्ट व पारदर्शक कवच निर्माण करते. ह्या कवचाची जाडी एक ते तीन नॅनोमीटर असते, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मिठाईवरचा चांदीचा वर्ख, जो आपल्यापैकी पुष्कळांनी वर्ज्य केला आहे, तोसुद्धा ह्यापुढे जाडाभरडा म्हणावा लागेल. एवढ्याशा पापुद्र्यावर सारी भिस्त आहे. तो पापुद्रा शाबूत तोवर पोलाद स्टेनलेस. तो जेथे तुटला आणि पुन्हा धरला नाही, तेथे ते साधे लोखंडच समजावे.

आमच्या पिढीतील वाचकांस कल्हईवाला आठवत असेल. वाड्याच्या अंगणात भाता लावून बसावयाचा, तापलेल्या पितळी पातेल्यात नवसागराची पूड टाकावयाचा, कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने ते आतून चंदेरी करून द्यावयाचा. कल्हई उडाली की ताक कळकत असे, म्हणून गृहिणी दर काही महिन्यांनी भांडी काढून ठेवीत. स्टेनलेस आले आणि ही दगदग संपली. ह्या भांड्याला कल्हई लागत नाही, असे सर्वांनी धरून चालले. वस्तुस्थिती अशी आहे की कल्हई ह्यालाही असते, फक्त ती बाहेरून लावावी लागत नाही. ती पोलाद स्वतःच धरते आणि ओरखडा उठला तर हवा लागताच पुन्हा धरते. मात्र ह्यासाठी दोन अटी आहेत. पृष्ठभाग स्वच्छ पाहिजे, आणि त्या पृष्ठभागात क्रोमियम पुरेसे शिल्लक पाहिजे. कारखान्यातून निघालेल्या नव्या पत्र्यात ह्या दोन्ही अटी पुऱ्या झालेल्या असतात. तो पत्रा कापून, वाकवून, वेल्डिंगने जोडून टाकी करावयास घेतली की दोहोंचाही भंग होतो.

वेल्डिंगच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंस रंगांचे पट्टे उमटलेले आपण पाहिले असतील. सांध्यापासून दूर फिकट गवती पिवळा, मग सोनेरी, तपकिरी, जांभळा, मोरपिशी निळा, आणि सांध्याशी अगदी लागून काळपट राखाडी. दिसावयास हे रंग मोठे मनोहर असतात, परंतु त्यांचा अर्थ चांगला नाही. उष्णतेमुळे तेथील कवच अवाजवी जाड व सच्छिद्र झालेले असते. ते जाड होण्यासाठी लागलेले क्रोमियम त्याने खालच्या धातूतून ओढून घेतलेले असते, आणि म्हणून रंगाखालचा पातळ थर क्रोमियमने दरिद्री होऊन बसतो. वर सच्छिद्र पांघरूण आणि खाली दुबळे अंग, अशी ही अवस्था. ओलाव्यात थोडे मीठ किंवा क्लोराइड असले की गंज प्रथम येथेच फुटतो. पट्ट्यांचा रंग जितका गडद तितकी खालची हानी अधिक, असे स्थूलमानाने समजावे. केवळ फिकट गवती छटा असेल तर कोरड्या धान्याच्या हॉपरला ती फारशी बाधत नाही. पाण्याच्या वा आंबट-खारट पदार्थांच्या टाकीत मात्र आम्ही तीही ठेवू देणार नाही.

येथे एक वेगळा दोष सांगून ठेवतो. जाड पत्रा वेल्डिंग करताना साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअस ह्या तापमानात जास्त वेळ राहिला, तर पोलादातील कार्बन कणांच्या सीमांवर क्रोमियमला बांधून टाकतो आणि सांध्याच्या शेजारी आतूनच कीड लागते. हा दोष वरून काहीही लावून जात नाही. त्यासाठी मुळातच कार्बनचे प्रमाण ०.०३ टक्क्यांहून अधिक नसलेला ३०४ एल हा पत्रा घ्यावा लागतो. पातळ पत्र्याच्या कामात ही भीती कमी.

दुसरी हानी साध्या लोखंडाच्या संसर्गाची, आणि आपल्याकडील छोट्या कारखान्यांत हीच जास्त आढळते. एकाच छपराखाली सकाळी खिडक्यांच्या जाळ्या होतात आणि दुपारी दुधाची टाकी. तोच तारेचा ब्रश, ग्राइंडरचे तेच चाक, तेच लोखंडी मेज, तीच साखळी. शेजारी फाटकाच्या गजावर ग्राइंडर चालला असेल तर त्याच्या ठिणग्या उडून स्टेनलेसच्या पत्र्यावर येऊन चिकटतात. लोखंडाचे हे कण डोळ्यांस दिसत नाहीत. परंतु आषाढातील दमट हवा लागली की आठ दिवसांत पत्र्यावर तपकिरी ठिपके उमटतात आणि गिऱ्हाईक व कारागीर ह्यांच्यात भांडण जुंपते. ठिपक्यांचा गंज आरंभी त्या परक्या कणांचाच असतो, पण तसाच राहू दिला तर त्याखाली ओलावा धरून मूळ पत्र्यालाही खड्डे पडू लागतात. (मराठीत गंज हा शब्द लोखंडाच्या तांबेरीलाही आहे आणि मोठ्या भांड्यालाही; एका गंजाला दुसरा गंज लागावा हा भाषेचाच विनोद म्हणावयाचा!)

वेल्डिंगचे उडालेले थेंब, खडबडीत सांधे, तेल, खडूच्या आणि रंगाच्या खुणा, पत्र्यावरील प्लॅस्टिकच्या कागदाचा डिंक ह्या बाकीच्या गोष्टी त्यामानाने किरकोळ. धान्यवाल्यांनी मात्र खडबडीत सांध्यांकडे डोळेझाक करू नये. अशा सांध्यांच्या कपारींत पीठ व कोंडा साचतो, तो झाडून निघत नाही, आणि तेथेच पोरकिडे व सोंडे घर करतात. जीवहिंसा टाळावी म्हणून जो सांभाळ आपण करतो, त्याच्या दृष्टीनेही गुळगुळीत सांधा बरा. तेथे मुळी जीवांना आसराच मिळत नाही.

एका तीर्थस्थानाच्या भोजनशाळेतील उदाहरण आमच्या पाहण्यातले आहे. यात्रेकरूंसाठी उकळलेले प्रासुक पाणी थंड करून ठेवण्यास एका दात्याने मोठी टाकी करवून दिली. पहिल्याच पावसाळ्यात तिच्या आतील सांध्यांवरून तपकिरी ओघळ उतरले. विश्वस्तांपैकी कोणी चुंबक आणून लावला. तो कोपऱ्यांना किंचित चिकटला, आणि पत्रा हलका घातला असा बोभाटा झाला. दात्याला वाईट वाटले आणि कारागीर तर काम सोडून जावयास निघाला. अखेरीस पत्र्याचा तुकडा प्रयोगशाळेत पाठविला, तो अस्सल ३०४ निघाला. दोष पत्र्यात नव्हता. सांध्यांवरचे काळे-निळे पट्टे जसेच्या तसे ठेवून टाकी बसविली होती आणि वर लोखंडी तारेच्या ब्रशाने ती घासली होती. पुढे टाकी उतरवून तिच्यावर रीतसर प्रक्रिया केल्यावर त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत ओघळ दिसले नाहीत.

चुंबकाविषयी ह्या निमित्ताने सांगून टाकतो, कारण आपल्या बाजारात त्याच्यावर फार विश्वास आहे. ३०४ चा पत्रा मूळचा चुंबकाला चिकटत नाही हे खरे, पण थंड असताना वाकविला म्हणजे वाकाच्या जागी तो थोडासा चिकटू लागतो. उलट निकेल कमी करून त्याऐवजी मँगनीज घातलेला २०१ किंवा २०२ चा स्वस्त पत्रा, जो गंजाला त्यामानाने कमी टिकतो, तोही चुंबकाला चिकटत नाही. तेव्हा चुंबकाने ह्या दोहोंतला फरक कळावयाचा नाही. त्यासाठी रासायनिक पृथक्करण किंवा क्ष-किरणांनी मूलद्रव्ये दाखविणारे हाती धरावयाचे यंत्र, हाच खात्रीचा मार्ग.

आता प्रक्रियेकडे वळू. तिला दोन अंगे आहेत. पहिले पिकलिंग आणि दुसरे पॅसिव्हेशन. ही नावे कारखान्यांत सर्वत्र रूढ असल्याने तीच वापरतो. पुष्कळ ठिकाणी दोहोंची गल्लत होते आणि पहिल्याच्या पैशांत दुसरेच केले जाते, म्हणून फरक नीट ध्यानात घ्यावा.

पिकलिंग म्हणजे रंगीत पट्टा आणि त्याखालचा क्रोमियम गमावलेला थर आम्लाने खाऊन काढणे. ह्यात पत्र्याचा अंशतः क्षय होतो आणि खालचा निरोगी धातू उघडा पडतो. ह्यासाठी नायट्रिक आम्ल, ज्याला सराफकट्ट्यावर तेजाब म्हणतात, आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल ह्यांचे मिश्रण वापरतात. लहान वस्तू हौदात बुडवितात. टाकीच्या सांध्यांवर त्याचाच घट्ट लेप ब्रशाने लावतात. लेप लावण्यापूर्वी तेलकटपणा पूर्ण काढावा लागतो, कारण तेलाखाली आम्ल पोचत नाही. लेप किती वेळ ठेवावा हे पत्र्याची प्रत आणि हवेची उष्णता ह्यांवर अवलंबून असते व ते लेपाच्या डब्यावर दिलेले असते. तो वाळू देऊ नये, आणि भर उन्हात तर हे काम करूच नये. नंतर भरपूर स्वच्छ पाण्याने, शक्यतो जोराच्या फवाऱ्याने, लेपाचा कणही न राहील असे धुवावे.

पॅसिव्हेशन म्हणजे स्वच्छ झालेल्या पृष्ठभागावरील सुटे लोखंड विरघळवून कवच लवकर व पक्के धरावयास साह्य करणे. ह्यात धातूचा क्षय जवळजवळ होत नाही, आणि म्हणूनच काळा-निळा पट्टाही निघत नाही. ए.एस.टी.एम. ह्या अमेरिकन संस्थेच्या ए ९६७ ह्या मानकात ह्याच्या रीती दिल्या आहेत. नायट्रिक आम्लाची एक रीत अशी की २० ते ४५ टक्के आम्लात २१ ते ३२ अंश उष्णतेवर निदान ३० मिनिटे ठेवावयाचे. सायट्रिक आम्लाच्या रीतीत, म्हणजे ज्याला आपल्या किराणा बाजारात लिंबूसत्त्व म्हणतात त्याच्या ४ ते १० टक्के द्रावणात, २१ ते ४९ अंशांवर निदान २० मिनिटे. द्रावण ६० ते ७१ अंशांपर्यंत तापविले तर ४ मिनिटेही पुरतात. पिकलिंग उत्तम झाले आणि पृष्ठभाग खरोखर स्वच्छ राहिला तर हवेतच काही दिवसांत कवच आपोआप धरते. म्हणजे दोहोंपैकी एकच करावयाचे असेल, आणि सांध्यावर रंगीत पट्टे असतील, तर पिकलिंगला पर्याय नाही. नुसते लिंबूसत्त्व फिरवून पॅसिव्हेशन केले असे सांगणाऱ्याकडून प्रथम सांध्याचा निळा रंग कोठे गेला हे पाहून घ्यावे.

इतके लिहिल्यावर ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावा असे आम्हास विशेष वाटले, तिच्याकडे येतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल हे इतर आम्लांसारखे नव्हे. गंधकाचे तेजाब अंगावर पडले तर तत्क्षणी आग होते व माणूस पाण्याकडे धावतो. हे आम्ल सौम्य असेल तर पडल्याचे पुष्कळ वेळ कळतच नाही. ते कातडीतून आत उतरते, शरीरातील चुन्याच्या अंशाशी, म्हणजे कॅल्शियमशी, संयोग पावते, हाडापर्यंत पोचते, आणि काही तासांनी असह्य वेदना सुरू होतात. अंगाचा मोठा भाग भिजला तर रक्तातील कॅल्शियम घटून हृदय बंद पडण्याचे भय असते. ह्यावर तातडीचा उपाय म्हणजे लगेच भरपूर पाण्याने धुणे, कॅल्शियम ग्लुकोनेटचा अडीच टक्क्यांचा मलम चोळणे आणि विलंब न लावता डॉक्टरांकडे नेणे. डॉक्टरांस आम्लाचे नाव सांगणे अत्यंत आवश्यक आहे, कारण साधा भाजल्याचा उपचार येथे पुरत नाही. हा मलम ज्या कारखान्यात जागेवर तयार नाही, त्या कारखान्यात हे काम करवू नये. आम्ही कारखान्यांत हिंडलो तेव्हा लेपाचा डबा पुष्कळ ठिकाणी दिसला, मलमाची नळी फार थोड्या ठिकाणी.

दुसरा धोका श्वासाचा. नायट्रिक आम्लाचा धातूवर परिणाम होताना लालसर तपकिरी वायू निघतात. ते फुप्फुसांत गेले तर त्या क्षणी नुसता खोकला येतो, आणि काही तासांनंतर फुप्फुसांत पाणी भरू शकते. टाकीच्या तोंडातून आत उतरून लेप लावणारा मुलगा हा वायू कोंडलेल्या जागेत ओढीत असतो. आत उतरावयाचेच असेल तर पंख्याने हवा खेळती पाहिजे, योग्य श्वासपट, रबरी हातमोजे, बूट, चष्मा व अंगभर आच्छादन पाहिजे, आणि तोंडाशी दुसरा माणूस सतत उभा पाहिजे. तोंडावर नुसता रुमाल बांधल्याने काहीही साधत नाही. आपण भाव पाडीत जातो तेव्हा कारागीर सर्वांआधी ह्याच गोष्टी वगळतो. दर किलोमागे दोन रुपये वाचविले असे समाधान मानताना ते दोन रुपये कोणाच्या अंगावर बसले ह्याचा विचार अहिंसेचे नाव घेणाऱ्या समाजाने करावयास नको काय?

तिसरी गोष्ट धुतलेल्या पाण्याची. त्यात आम्ल, फ्लोराइड, क्रोमियम व निकेल असते. ते तसेच गटारात सोडले तर ओढ्यापर्यंत जाते आणि वाटेतील लहानमोठे जीव मारीत जाते. श्रावकाच्या अनर्थदंडव्रतात निष्काळजीपणे पाणी ओतणे, अग्नी पेटविणे ह्यांस प्रमादचर्या म्हटले आहे. मग असले विषारी पाणी ओतणे कोणत्या सदरात बसेल हे वेगळे सांगावयास नको. उपाय अवघड नाही. पाणी एका हौदात धरून त्यात विझलेला चुना कालवावयाचा. त्याने आम्ल मरते, फ्लोराइड चुन्याशी बांधले जाऊन तळाशी बसते, क्रोमियम व निकेलही बहुतांशी गाळात उतरतात. गाळ वेगळा काढून घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत व्यवस्थेकडे द्यावयाचा. भूपृष्ठावरील जलप्रवाहात सोडावयाच्या पाण्याची आम्लता साडेपाच ते नऊ सामू ह्या मर्यादेत असावी आणि फ्लोराइड लिटरला २ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, अशी पर्यावरण नियमांची सर्वसाधारण मर्यादा आहे.

काम पुरे झाल्यावर ते कसे पाहावे? सांध्यावर कोठेही निळा, जांभळा, तपकिरी रंग दिसू नये. पिकलिंग केलेला भाग एकसारखा फिकट राखाडी दिसतो. ओल्या पृष्ठभागावर पाणी थेंबाथेंबाने न तुटता सलग पसरले तर तेल उरलेले नाही. मग सर्वांत साधी व आम्हास सर्वांत पसंत अशी पाण्याची कसोटी. ए ९६७ मध्ये एक तास पाण्यात आणि एक तास हवेत कोरडे, अशी पाळी २४ तास चालविण्यास सांगितले आहे. सुटे लोखंड राहिले असेल तर तांबूस डाग उमटतो. टाकीवर हीच गोष्ट पाणी शिंपडीत व वाळू देत करता येते. मोरचुदाचे द्रावण लावून तांब्याचा थर बसतो की काय हे पाहण्याचीही एक कसोटी आहे आणि ती झटपट होते. परंतु अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या पृष्ठभागावर ती करू नये असे मानकातच म्हटले आहे. करावयाचीच तर त्याच पत्र्याच्या वेगळ्या जोडलेल्या तुकड्यावर करावी.

सभासदांस उपयोगी पडावे म्हणून ऑर्डरमध्ये घालावयाचा मजकूर आम्ही असा सुचवितो: “पत्रा ३०४ एल, पृथक्करणाच्या दाखल्यासह. स्टेनलेससाठी स्वतंत्र ब्रश व ग्राइंडरची चाके वापरावीत. अन्नाशी संबंध येणारे सांधे घासून ०.८ मायक्रोमीटर सरासरी खडबडीतपणापर्यंत गुळगुळीत करावेत. त्यानंतर सर्व सांध्यांचे पिकलिंग व संपूर्ण आतील भागाचे पॅसिव्हेशन करून स्वच्छ पाण्याने धुवावे. पाण्याची कसोटी आमच्या समक्ष करावी. कामगारांची संरक्षक साधने व धुतलेल्या पाण्याची विल्हेवाट ह्यांचा खर्च वेगळा दाखवावा.” शेवटचे वाक्य मुद्दाम घातले आहे. खर्च वेगळा लिहिला म्हणजे घासाघिशीत तो गुपचूप गळून पडत नाही. पिकलिंगने चकाकी थोडी मंद होते. ती परत हवी असेल तर विजेच्या साह्याने आम्लस्नानात पृष्ठभाग उजळण्याची, म्हणजे इलेक्ट्रोपॉलिशिंगची, रीत आहे. तिने पृष्ठभाग अधिक गुळगुळीत आणि गंजास अधिक टिकाऊ होतो, खर्च मात्र बराच येतो. नुसत्या बफिंगने आलेल्या चमकेवर भुलू नये. बफिंगखाली रंगीत पट्टा झाकला जातो, पण खालचा दुबळा थर पुरा निघेलच असे नाही.

टाकी घरी आल्यावर तिचा मोठा शत्रू म्हणजे क्लोराइड. मीठ, ब्लीचिंग पावडर, फरशी धुण्याचे ॲसिड ही सर्व त्याच कुळातली. फरशीचे ॲसिड स्टेनलेसला कधीही लावू नये. आणि टाकी ब्लीचिंगच्या पाण्याने निर्जंतुक केली तर ते पाणी रात्रभर न ठेवता लगेच काढून टाकी धुवावी. विहिरीच्या वा बोअरच्या पाण्याविषयी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम असून दुसरे पाणी नसेल तेथे १,००० पर्यंत चालते असे म्हटले आहे. ३०४ साठी मात्र साधारण २०० च्या आत राहावे असा जाणकारांचा संकेत आहे. म्हणजे माणसाच्या पोटाला चालणारे पाणी पत्र्याला चालेलच असे नाही. पाणी उकळून आटले की क्लोराइड आणखी दाट होते, तळाशी क्षारांचा थर बसतो आणि त्याखाली कवचाला प्राणवायू मिळत नाही. म्हणून उकळत्या पाण्याच्या भांड्यातील क्षार लिंबूसत्त्वाने वेळोवेळी काढावा. गोव्याकडील आपल्या बांधवांस तर खाऱ्या वाऱ्याचाच त्रास. तेथे उघड्यावरच्या कामास दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असलेला ३१६ एल पत्राच घ्यावा. लोणच्याचा खार मुरवावयास चिनी मातीची बरणीच उत्तम, हे आपल्या आजीबाईंचे मत आजही खरे आहे.

ज्यांच्याकडे जुनी टाकी आहे आणि तिच्यावर डाग आले आहेत त्यांनी ती भंगारात काढण्याची घाई करू नये. डाग नुसता वरचा असेल तर तो लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावणाने आणि नायलॉनच्या ब्रशाने पुष्कळदा निघतो. लोखंडी किसणीने घासणे म्हणजे नवे लोखंड चोळणे होय. डाग सांध्याच्या काठानेच येत असेल तर जाणत्या माणसाकडून पिकलिंग करून घ्यावे. डागाखाली टाचणीच्या अग्राएवढे छिद्र पडले असेल आणि नख फिरविताना ते अडत असेल, तर ते घासून खोली पाहावी. खोली पत्र्याच्या निम्म्यापर्यंत गेली असेल तर तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडावा, आणि त्या नव्या सांध्यावर वरील सर्व प्रक्रिया पहिल्यापासून करवून घ्यावी.